खोटी घंटा

21 मार्च 2024 ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. धक्का 4.5 तीव्रतेचा होता. लोक सावरताहेत तोच, अकरा मिनिटांनी, 3.6 चा दुसरा. हादरे परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा सकाळीच, पुन्हा 4.5. वसमत, कळमनुरी, औंढा या पट्ट्यातल्या काही गावांना जमिनीच्या पोटातले आवाज आता ओळखीचे झाले आहेत. पांगरा शिंदेचं नाव तर त्यासाठीच वर्तमानपत्रांत येत असतं. तिथल्या माणसाला धक्का खरा की खोटा असा प्रश्न पडत नाही. फडताळातली भांडी वाजली की तो लेकरांना घेऊन अंगणात येतो.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, एक यंत्र उभं राहतंय. त्याच्या लेखी हा धक्का म्हणजे निव्वळ खोटी घंटा ठरेल. ते यंत्र म्हणजे लायगो-इंडिया. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात, नळ्यांत निर्वात पोकळी, पोकळीत लेसरचा झोत. गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली तर नळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी बदलेल; तेवढा बदल टिपायचा आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली, 2,600 कोटी रुपयांची. पुण्याची आयुका, इंदूरची आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा असे चौघे मिळून हे काम बघतात. इतक्या नाजूक कानाच्या यंत्राला भूकंप तर सोडाच, रस्त्यावरून गेलेला उसाचा ट्रॅक्टरही ऐकू जातो. मग हे ब्रह्मांडातून आलं की वसमतच्या कारखान्याकडे निघालंय, हे ठरवायचं कसं?

माझी या प्रश्नाशी गाठ पडली ती मात्र औंढ्याच्या कितीतरी आधी, संगणकाच्या पडद्यावर, आणि अगदी क्षुल्लक कारणाने. मी लिहिलेल्या दहा ओळींच्या प्रोग्रामवर गळती शोधणारं साधन चालवलं आणि त्याने सांगितलं: 72,704 बाइट परत केलेले नाहीत. दहा ओळींत मी मेमरी मागितलीच नव्हती. न घेतलेलं कर्ज बुडवल्याचा आरोप.

मेमरीची गळती म्हणजे काय, ते लग्नाच्या भांड्यांवरून चटकन कळतं. बिछायत केंद्रातून आपण गंज, पराती, सतरंज्या भाड्याने आणतो. प्रत्येक नगाची चिठ्ठी मिळते. कार्य उरकलं की चिठ्ठीप्रमाणे माल परत. प्रोग्रामही असाच चालतो: काम निघालं की मेमरीचा तुकडा मागून घ्यायचा, त्याचा पत्ता चिठ्ठीवर ठेवायचा, काम झालं की परत करायचा. चिठ्ठीच हरवली, तर परात कुठल्या कोपऱ्यात पडली ते कुणालाच ठाऊक नाही आणि भाडं मात्र चढत राहतं. हीच गळती. एका लग्नात एक परात गेली तर कुणी विचारत नाही. पण महिनोन्महिने बंद न होणाऱ्या सर्व्हरवर दर मिनिटाला एक परात हरवत असेल, तर एक दिवस बिछायत केंद्रच रिकामं होतं आणि सर्व्हर रात्री तीनला कोसळतो. तीनलाच का, ते विचारू नका.

ही गळती शोधणारं व्हॅलग्राइंड नावाचं साधन ज्युलियन सेवर्ड यांनी 2002 मध्ये लोकांसमोर आणलं. त्याची पद्धत झाडाझडतीची आहे. प्रोग्राम संपताना ते यजमानाचे सगळे खिसे, कपाटं, दप्तर उलटंपालटं करतं आणि कुठेही एखाद्या परातीच्या नंबरसारखा आकडा दिसला की म्हणतं, हिची चिठ्ठी सापडली. जिची सापडत नाही ती ‘नक्की हरवलेली’. चिठ्ठी आहे, पण त्यावर परातीच्या काठाऐवजी मधल्याच कुठल्या जागेचा पत्ता आहे, ती ‘बहुधा हरवलेली’. आणि चिठ्ठी खिशात शाबूत आहे, फक्त माल परत गेलेला नाही, तो ‘अजून हाताशी असलेला’.

झडतीच्या या पद्धतीतच दोन्ही चुका दडलेल्या आहेत. खिशातल्या कागदावर मामाचा फोन नंबर लिहिलाय आणि तो योगायोगाने एका परातीच्या नंबराशी जुळतो. साधन समजतं चिठ्ठी सापडली, आणि खरी गळती निसटते. ही मुकी घंटा. उलट एखाद्या चतुर कारकुनाने जागा वाचवायला चिठ्ठीवरचे आकडे सांकेतिक लिपीत लिहिले असतील, तर परात खोलीतच असून साधन ओरडतं: हरवली! ही खोटी घंटा. आणि खरंखुरं प्रोग्रामिंग करणारे असे चतुर कारकून असतातच. पत्त्याच्या शेवटच्या रिकाम्या अंकांत दुसरीच खूण लपवणं, दोन पत्ते एकमेकांत मिसळून एकच ठेवणं, मोठा तुकडा एकदाच घेऊन त्यातून घरच्या घरी वाटप करणं, हे त्यांचे रोजचे उद्योग.

माझे 72,704 बाइट निघाले तिसऱ्याच वाटेचे. 2015 च्या जीसीसी 5 या कंपायलरपासून सी प्लस प्लसची मानक लायब्ररी प्रोग्राम सुरू होतानाच एक राखीव साठा बाजूला काढून ठेवते. मेमरी पार संपली, तरी निदान ‘मेमरी संपली’ हे सांगण्यापुरती जागा उरावी म्हणून. मराठवाड्यात पूर्वी दुष्काळासाठी जमिनीत पेव खणून ज्वारी ठेवत, तसंच. दुष्काळ पडला नाही म्हणून ज्वारी परत कुणाला करायची? प्रोग्राम संपला की कार्यप्रणाली घरादारासकट सगळंच ताब्यात घेते. व्हॅलग्राइंडने मात्र प्रामाणिकपणे नोंद केली: इतका माल अजून हाताशी. ते खोटं बोलत नव्हतं. परत केलंय का, या प्रश्नाचं त्याचं उत्तर बरोबरच होतं. मला हवं होतं ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: याने माझं नुकसान होणार आहे का? हिंगोलीचा धक्का गावकऱ्याला खरा आणि लायगोला खोटा, तो असाच.

हे भांडण पुढे दोन्ही बाजूंनी शहाणपणाने मिटवलं. लायब्ररीने ‘पेव आता मोकळं कर’ असं सांगायला एक दार ठेवलं, आणि 2016 च्या व्हॅलग्राइंडने झडतीआधी ते दार वाजवायला सुरुवात केली. घंटा थांबली. कुणी दोरी कापली नाही.

बहुतेक वेळा मात्र दोरीच कापली जाते. एखाद्या जुन्या, मोठ्या प्रोग्रामवर हे साधन पहिल्यांदा चालवून बघा. सूचनांचं अक्षरशः पेव फुटतं. तीनशे-चारशे नोंदी, निम्म्या दुसऱ्याच कुणाच्या लायब्ररीतल्या. पहिल्या दिवशी माणूस दहा नोंदी तपासतो, नऊ खोट्या निघतात, दहावी कळत नाही. तिसऱ्या दिवशी तो अहवाल उघडतच नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण खोटं बोलणाऱ्या पोराला सांगतो. खरं तर ती गावकऱ्यांनाही सांगायला हवी, कारण शेवटी शेळ्या त्यांच्याच गेल्या.

या पसाऱ्यावर उपाय म्हणून गप्प बसवायची यादी असते. अमुक वाटेने आलेली नोंद दाखवू नकोस, असं साधनाला लिहून देता येतं. मी एका नोकरीत अशी एक यादी पाहिली. तिच्यातली एक ओळ एका अख्ख्या लायब्ररीचं तोंड बंद करणारी होती. कुणी लिहिली, कधी, का, काही नाही. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. आम्ही ती ओळ काढली तेव्हा बाहेर आलेल्या नोंदींत आमच्याच चुकीने झालेली एक खरी गळती होती, आणि ती शोधायला आम्ही आधी दोन आठवडे भलतीकडेच खणत होतो. तेव्हापासून मी यादीतल्या प्रत्येक ओळीवर कारण लिहून घेतो. आणि ओळ जितकी अरुंद करता येईल तितकी करतो: लायब्ररीचं नाव नको, कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं आणि त्याने मेमरी कुठे मागितली, ती पूर्ण साखळी हवी.

गप्प बसवण्याचेही प्रकार आहेत, आणि ते लिनक्सच्या गाभ्यातल्या केमेमलीकने फार नेमके वेगळे केले आहेत. कॅटालिन मरिनास यांचं हे साधन 2009 पासून गाभ्यात आहे. दर दहा मिनिटांनी ते सगळी मेमरी चाळतं. पाच सेकंदांपेक्षा कमी वयाच्या तुकड्याबद्दल ते बोलतच नाही, कारण नुकत्याच आलेल्या परातीची चिठ्ठी अजून कुणाच्या तरी हातात असते, खिशात गेलेली नसते. एखादा तुकडा गळती नाही हे तुम्हाला ठाऊक असेल तर ते दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक: हा हरवलेला समजू नकोस, पण याच्या पोटात बघत राहा. दुसरी: याच्याकडे बघूच नकोस. घाईत दुसरी वापरली आणि त्या तुकड्याच्या पोटात इतर परातींच्या चिठ्ठ्या असल्या, तर त्या सगळ्या पराती ‘हरवल्या’ म्हणून ओरडू लागतात. एक घंटा दाबली, दहा वाजल्या.

खऱ्या-खोट्याची माझी सगळ्यात आवडती कसोटी तर इतकी साधी आहे की सांगायला संकोच वाटतो. काम दहापट करून बघायचं. शंभर विनंत्यांना 72,704 आणि हजार विनंत्यांनाही 72,704 च, तर ते पेव आहे. शंभरला दोन परातींची गळती आणि हजारला वीस, तर चिठ्ठ्या हरवताहेत. एकाच अहवालाकडे डोळे फाडून बघण्यापेक्षा परिस्थिती मुद्दाम बदलून दोन अहवाल शेजारी ठेवावेत. औंढ्याच्या यंत्राची सगळी भिस्त याच युक्तीच्या थोरल्या भावावर आहे, त्याकडे येतोच. त्याआधी खोटी घंटा दाबताना काय होऊ शकतं, त्याची एक नामांकित गोष्ट सांगायला हवी.

2006 मध्ये डेबियन या लिनक्सच्या वितरणात एका देखभालकर्त्याला त्रास होत होता. ओपनएसएसएल ही गुप्त किल्ल्या बनवणारी लायब्ररी वापरली की व्हॅलग्राइंड कुरकुर करी: भरलेली नसलेली मेमरी वाचली जातेय. गळतीची नव्हे, पण त्याच साधनाची दुसरी घंटा. आणि ती तशी खोटीच होती. किल्ल्या बनवायला यादृच्छिक आकडे लागतात, म्हणून ती लायब्ररी हाताशी येईल तो केरकचराही मिश्रणात टाकत होती. त्याने चर्चेत विचारलं, विरोध झाला नाही, आणि सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी बंद केल्या. त्यातली एक खरोखर केर टाकणारी होती. दुसरी सगळीच यादृच्छिकता आत घेणारी. आता किल्लीत फरक पाडायला उरला फक्त प्रोग्रामचा चालू क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त 32,768 शक्यता. अहवाल स्वच्छ झाला. मे 2008 मध्ये लुचियानो बेयो यांच्या लक्षात येईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या कुणीही घरबसल्या मोजून काढू शकत होतं. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे केराबरोबर घरातली तिजोरी झाडून टाकली.

आता औंढा. गुरुत्वीय लहरींच्या क्षेत्राला खोट्या घंटेचा डाग जुना आहे. 1969 मध्ये जोसेफ वेबर यांनी जाहीर केलं की मेरीलँड आणि शिकागोजवळ ठेवलेले आपले अॅल्युमिनियमचे दंडगोल एकाच वेळी थरथरतात, ही गुरुत्वीय लहर. हजार किलोमीटरवरची दोन यंत्रं एकदम कशी थरथरतील? पटण्यासारखं होतं. पुढे त्यांनी रॉचेस्टरच्या एका गटाच्या नोंदींशीही आपल्या नोंदी जुळवून दाखवल्या. मग उघडकीला आलं की एका फितीवरची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची होती आणि दुसरीवरची ग्रीनिचची. ‘एकाच क्षणी’ म्हणून जुळलेल्या घटना चार तासांच्या अंतराने घडलेल्या होत्या. वेबर यांची कीर्ती त्यातून सावरली नाही.

मला या चुकीत एक गंमत दिसते. वेबर यांच्याकडून अनवधानाने झालं तेच लायगो आज जाणूनबुजून करतं. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन यंत्रांत तीन हजार किलोमीटर आहेत; प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला ते अंतर कापायला जेमतेम दहा सहस्रांश सेकंद लागतात. मग एका यंत्राची नोंद घड्याळात मुद्दाम थोडी पुढे सरकवायची. आता जे काही जुळेल ते नक्की खोटं, कारण इतक्या अंतराने खरी लहर येऊच शकत नाही. पुन्हा सरकवायचं, पुन्हा मोजायचं, लाखो वेळा. 14 सप्टेंबर 2015 ला, आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झालेली असताना, पहिली लहर आली तेव्हा सोळा दिवसांच्या नोंदी अशा सरकवून 6 लाख वर्षांहून जास्त काळाचं ‘खोटं आकाश’ तयार केलं गेलं. त्यात इतकी जोरदार जुळणी एकदाही सापडली नाही. म्हणून ते लिहू शकले: अशी खोटी घंटा 2,03,000 वर्षांत एकदाही वाजणं कठीण. खोट्या घंटा नाहीत असा त्यांचा दावा नव्हताच. त्या किती वाजतात, ते त्यांनी मोजलं होतं.

दुसरी चाळणी आवाजाच्या पोताची. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना सूर कसा चढत जाईल, ते गणिताने आधीच काढून ठेवता येतं, आणि असे हजारो नमुने नोंदीवर ठेवून जुळवता येतात. या नमुन्यांची निवड कशी करावी यावर आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये पायाभूत काम केलं, म्हणजे पहिली लहर सापडायच्या चोवीस वर्षं आधी. पण नमुन्याला मोठा धक्काही जुळल्यासारखा दिसतो. म्हणून ब्रूस अॅलन यांची कसोटी. गणपतीची वर्गणी हजार रुपये जमली एवढ्यावर भुलायचं नाही. गल्लीतल्या सोळा घरांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिली, की एकाच घराने सगळी टाकली, ते वहीत बघायचं. खरी लहर प्रत्येक पट्टीत आपला ठरलेला वाटा देते. दरवाजा आपटल्याचा धक्का सगळी वर्गणी एकाच घरातून आणतो. धुरंधर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अशा कसोट्यांना एका गणिती छताखाली आणलं.

तिसरी चाळणी म्हणजे साक्षीदार. लायगोच्या प्रत्येक केंद्रावर मुख्य नोंदीशिवाय दोन लाखांहून जास्त वाहिन्या नुसतं आजूबाजूला कान देऊन असतात: जमीन, वारा, आवाज, चुंबकक्षेत्र, वीज. लहर कधीही वीजतारेत दिसत नाही. दिसली तर तो गुन्हेगार सापडला. हॅनफर्डला 2017 च्या उन्हाळ्यात असे बारीक खटके मायक्रोफोनमध्येही सापडले. लोक बाहेर जाऊन बघतात तो द्रव नायट्रोजनच्या नळीवर साचलेल्या बर्फात चोचीच्या खुणा. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते. शास्त्रज्ञांनी स्वतः तसंच टोचून बघितलं, तसाच खटका आला, मग नळीवर बर्फ साचू नये अशी सोय केली. कावळ्यांना यादीत टाकलं नाही.

आणि तरीही चाळणीने एकदा सोनं टाकलंच होतं. 17 ऑगस्ट 2017, भारतात संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत विलीनीकरणाच्या 1.1 सेकंद आधी एक तीव्र खटका होता, काही सहस्रांश सेकंदांचा. आपोआप चालणाऱ्या चाळणीने नियमाप्रमाणे ती नोंद बाजूला काढली. सूचना गेली ती एकट्या हॅनफर्डची. मात्र 1.7 सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट नोंदवला होता, म्हणून माणसांनी लिव्हिंग्स्टनची नोंद उघडून डोळ्यांनी बघितली. चित्रात लांबवर चढत गेलेली रेघ लख्ख दिसत होती, आणि तिच्यावर एक डाग. त्यांनी नोंद फेकली नाही, फक्त डाग कापला. त्यातून आकाशातली जागा इतकी आखडली की अकरा तासांच्या आत दुर्बिणींना ती दीर्घिका सापडली, 13 कोटी प्रकाशवर्षांवरची. डेबियनवाल्याने दोन ओळी कापल्या होत्या; इथे कापणाऱ्याला आपण नेमकं काय कापतोय ते दिसत होतं.

औंढ्याच्या नागनाथ मंदिराची एक कथा सांगतात. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी त्यांचे पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथेही पिंड उगवली, जिकडे पाय न्यावेत तिकडे पिंड. विसोबांच्या बाबतीत ते ज्ञान होतं. यंत्राला अशी जिकडेतिकडे लहरच दिसू लागली तर दुरुस्तीला माणूस बोलवावा लागेल.

अमेरिकेतल्या खटक्यांना एव्हाना नावं पडली आहेत. 2016 पासून हजारो हौशी स्वयंसेवक घरी बसून त्यांची चित्रं वर्गवारीत लावतात: ब्लिप, शिट्टी, कोई मासा, टोम्टे नावाचा टोपीवाला बुटका. लिव्हिंग्स्टनच्या शेजारून रेल्वे जाते, तिचीही ओळख पटलेली आहे. औंढ्याची यादी अजून कोरी आहे. तिथे विजेचा गुणगुणाट साठऐवजी पन्नास हर्ट्झचा असेल, पूर्णा-अकोला मार्गावरच्या गाड्या असतील, आषाढात नरसीकडे निघालेल्या दिंड्या असतील, कळमनुरीकडचे धक्के तर आहेतच. कुठल्या खटक्याला काय म्हणायचं, ते तिथल्या रात्रपाळीवर पहिल्यांदा बसणारी पोरं ठरवतील.